तीस सेकंद

देवकरांच्या बंगल्याची किल्ली
बावीस वर्षं माझ्या पिठाच्या डब्यामागं आहे.
त्यांची मदुरैला गलाई. तिकडं सोनं गाळतात,
इकडं लेंगऱ्यात ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर
धूळ बसते, ती मी झाडते.

यंदा त्यांनी विट्याहून तौफिक आत्तारला पाठवला.
मोटरसायकलला ड्रिल बांधलेलं, वायरचं भेंडोळं,
पिशवीत बारकी पांढरी खोकी.
"काकी, शिकून घ्या. मालक लांब, तुम्ही जवळ."
अंगणवाडीत तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना
कमळ, घर, बदक शिकवलं.
आता माझी पाटी.

हे पॅनेल. जिन्याखालच्या कपाटात. मेंदू म्हणा.
लाइट गेली तरी आतली बॅटरी सहा तास चालते.
लेंगऱ्यात सहा तास कमीच पडतात, मी म्हटलं.
दाराच्या फळीला लोहचुंबक, चौकटीत त्याचा जोडीदार.
दोघं समोरासमोर आहेत तोवर घर गप्प,
फारकत झाली की बोंब.
हॉलच्या कोपऱ्यात वर डोळा. त्याला दिसत काही नाही,
अंगाची ऊब हलली तेवढीच कळते.
"मग पाल?"
"पाल थंड असती काकी. मांजराचं सांगता येत नाही."

झोन एक पुढचं दार, दोन हॉल, तीन जिना.
झोन चार देवघरामागची खिडकी.
तिथं मांजरीनं पिल्लं घातलीत, म्हटलं, ती राहू दे.
त्यानं चार नंबर वगळला. ह्याला बायपास म्हणतात.
मला बायपास माहीत तो आमच्या ह्यांचा,
मिरजेला केलेला.

घरात माणसं असताना लावायचा तो स्टे.
सगळे गेल्यावरचा अवे.
स्टेचं बटण त्यानं नुसतं दाखवलं
आणि पुढं गेला.

बाहेर पडायला तीस सेकंद. आत आल्यावरही तीस.
तेवढ्यात चार आकडे दाबून
आपण ह्याच घरचे, हे पटवायचं.
पुढं गणपतीत देवकरांचा धाकटा रात्री आला, आकडे विसरला,
भोंग्यानं अख्खी आळी जमवली त्याच्याभोवती.
पण ते नंतरचं.

त्या दिवशी पिशवी आवरता आवरता तौफिक म्हणाला,
"एक राहिलं की.
समजा कुणी मानेला सुरी लावून बंद कर म्हणालं,
तर शेवटचा आकडा एकानं वाढवून दाबायचा.
भोंगा गप. दिवा हिरवा. चोराला वाटतं, झालं काम.
पण तिकडं मालकाला गुपचूप निरोप जातो.
वरनं सगळं ठीक,
फक्त एक आकडा वेगळा."

म्हटलं, परत सांग.
त्यानं परत सांगितलं.

तो गेल्यावर पायरीवर बसून राहिले.
स्वप्नालीचा फोन कवठेमहांकाळहून, दर रविवारी सातला.
बरी आहे. सासूबाई बऱ्या आहेत. हे शेजारीच बसलेत.
आणि गेले चार रविवार, ठेवता ठेवता,
"आई, माझी निळी सायकल आहे ना अजून?"
सायकल तिच्या दहावीतच भंगारात गेली.
भंगारवाल्याशी भाव करत
ती स्वतः उभी होती वजनकाट्यापाशी.
मी आपली हसायची, अगं, विसरलीस काय.

चार रविवार.

पहाटे बंगल्याला अवे लावला.
पिप् पिप् सुरू झालं. ओसरी, पायऱ्या, फाटक,
सेकंद उरलेच काही.
मग माझ्या दाराला साधं कुलूप.
त्याला आकडा नाही, ओढून बघितलं की झालं.
विट्याला जाणारी पहिली गाडी सहा दहाची.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट.
जाताना एक अर्धं,
येताना दोन.